ठिकाण कळणं, ठिकाण कळवणं

“बेसा चौकातून सरळ या, पाण्याच्या टाकीपासून डावीकडे वळा, तिसरा लेआउट, पांढरं गेट.” बेसात राहणारा माणूस घरी येणाऱ्याला पत्ता सांगतो तो असा. नागपूरच्या दक्षिणेकडची ही वस्ती भराभर वाढली. शेतं गेली, लेआउट पडले, प्लॉटला नंबर आले, पण बऱ्याच रस्त्यांना नावं काही आली नाहीत. पांढरी गेटं तर एका ओळीत चार-चार. फोनवर ही पत्तासांगणी निभते, कारण समोरचा पुन्हा पुन्हा विचारू शकतो. वॉकी-टॉकीवर निभत नाही. तिथे एका वेळी एकच बोलतो, खरखर असते आणि ऐकणाऱ्या दहा जणांपैकी नेमकं कोण कुठे वळलं ते कोणालाच समजत नाही.

म्हणून ज्या सेटमध्ये जीपीएस असतं तो सेट हातात आला की माणूस सुखावतो. पडद्यावर आपले अक्षांश-रेखांश दिसतात, सोबत्याचं अंतर दिसतं, त्याच्याकडे रोखलेला बाण दिसतो. मीही असाच सुखावलो होतो. पण हे यंत्र वापरताना दोन गोष्टींची गल्लत फार जणांकडून होते, माझ्याकडूनही झाली. ठिकाण कळणं वेगळं आणि ठिकाण कळवणं वेगळं. सेटच्या पोटात ही दोन कामं दोन निराळे भाग करतात. एक नुसता ऐकतो, दुसरा बोलतो. पहिला नीट चालला म्हणून दुसरा चालेलच असं नाही.

आधी ऐकणाऱ्याकडे जाऊ. माझ्या गच्चीवर, सिमेंटच्या टाकीपासून जरा लांब उभं राहून मी सेट चालू करतो तेव्हा पडद्यावर उपग्रहांचे छोटे गोल उमटू लागतात. सुरुवातीला पोकळ, मग एकेक करून भरीव. चार भरीव झाले की आकडे स्थिरावतात. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत आणि साधारण बारा तासांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतात. प्रत्येक जण मुख्यतः दोन गोष्टी सांगत असतो: माझ्या घड्याळात आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. माझा सेट त्या संदेशाला पोचायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकलं तर अंतर 300 मीटरने चुकलं. उपग्रहात अणुघड्याळ असतं, माझ्या सेटमध्ये साधं क्वार्ट्झ. म्हणून तीन उपग्रह पुरत नाहीत. तिघांवरून जागा निघते आणि चौथ्यावरून माझ्या सेटच्या घड्याळाची चूक.

या सगळ्या व्यवहारात सेट उपग्रहाला काहीही कळवत नाही. “सॅटेलाइटवाला वॉकी-टॉकी आहे, म्हणजे तुम्ही सॅटेलाइटवरून बोलता का?” असं मला शेजारी विचारतात, आणि त्यांना मी हेच सांगतो: उपग्रहाला मी बेसात आहे याचा पत्ताही नाही. आकाशवाणी ऐकणाऱ्याचं नाव जसं आकाशवाणीला ठाऊक नसतं, तसंच हे. येणारा संदेश किती क्षीण असावा? जमिनीवर पोचेपर्यंत त्याची ताकद एका वॉटचा साधारण 10,00,00,00,00,00,00,000 वा भाग एवढी उरते. माझा सेट बोलतो पाच वॉटने. म्हणजे एकाच मुठीत एक आरोळी आणि एक कुजबुज शेजारी शेजारी नांदतात. सेट बनवणाऱ्यांनी ही किमया साधली आहे याचं मला दरवेळी कौतुक वाटतं.

कुजबुज ऐकायची तर आडोसा नको. सेट कमरेला, शरीराच्या आड लटकवला की अर्धं आभाळ झाकलं जातं. खांद्यावर लावायच्या माइकमध्ये जीपीएस देण्यामागे हेच कारण आहे. बेसातल्या उंच इमारतींच्या बोळात संदेश भिंतीवर आपटून येतो, त्याला जास्त वेळ लागतो आणि सेटला वाटतं आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटरची अचूकता मिळते, बोळात ती तीस-चाळीस मीटरही होऊ शकते. आणि सेट महिनाभर कपाटात पडून होता तर पहिल्यांदा धीर धरावा लागतो. उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त 50 बिट या वेगाने पाठवतो. स्वतःच्या कक्षेचा तपशील दर अर्ध्या मिनिटाला, आणि सगळ्या उपग्रहांचं पंचांग पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं. घाईघाईत घराबाहेर पडून स्कूटरच्या डिकीत सेट टाकला आणि पोचल्यावर “जीपीएस लागत नाही” म्हणून कुरकुर केली, तर दोष यंत्राचा नसतो. निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटं सेट गच्चीवर ठेवायचा, एवढंच.

नागपूरकराला या ऐकण्याच्या कामात अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. भारतावरच्या आभाळात विद्युतभारित कणांचा जो थर आहे तो विषुववृत्ताजवळ असल्यामुळे फार चंचल असतो. संदेश त्यातून येताना रेंगाळतो, आणि किती रेंगाळेल ते तासातासाला बदलतं. विमानाला ही चूक चालत नाही. म्हणून इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ ही व्यवस्था उभी केली. देशभर पंधरा संदर्भकेंद्रं चूक मोजतात, दुरुस्ती भूस्थिर उपग्रहावरून प्रसारित होते. त्या पंधरांपैकी एक नागपुरात आहे. देशाची स्वतःची ‘नाविक’ व्यवस्थाही आहे. तिचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजी गेला आणि 2016 मध्ये तिला हे नाव मिळालं. ती मुख्यतः एल5 आणि एस या वेगळ्या पट्ट्यांत बोलत असल्याने नेहमीच्या वॉकी-टॉकीतल्या चिपला ऐकू येत नव्हती. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01 पासून जीपीएसच्या ओळखीच्या एल1 पट्ट्यातही नाविकचा संदेश येऊ लागला. हॅम लोकांच्या, म्हणजे माझ्यासारख्या हौशी रेडिओवाल्यांच्या, सेटमध्ये तो सर्रास ऐकू येण्याची मी वाट पाहतो आहे.

आता कळलेलं ठिकाण वाचायचं कसं, कारण खरी फसगत तिथे होते. माझा सेट दाखवतो: 21 अंश 05.20 मिनिटं उत्तर, 79 अंश 06.10 मिनिटं पूर्व. हे मिनिटांचे दशांश आहेत. 05.20 म्हणजे 5 मिनिटं 20 सेकंद नव्हेत, 5 मिनिटं आणि 12 सेकंद. ऐकणाऱ्याने ते 5 मिनिटं 20 सेकंद समजून नकाशावर टाकलं तर तो सुमारे अडीचशे मीटर उत्तरेला जाईल. ती चूक अजून सोसवते. पण फोनच्या नकाशात 21.0520, 79.0610 असं टाकलं तर? फोनला अंशांचे दशांश हवे असतात, म्हणजे 21.0867, 79.1017. जागा साडेपाच किलोमीटरहून जास्त सरकते. ज्याला बेसात यायचं आहे तो मिहानच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

हे मी अनुभवाने सांगतो. सायकलस्वारांची एक लांब फेरी होती आणि आम्ही काही हॅम वाटेवर मदतीला थांबलो होतो. एकाची सायकल आडवी झाली, गुडघा फुटला. माझ्या सोबत्याने त्याचं ठिकाण आकड्यांत सांगितलं, मी ते उतरून घेतलं आणि गाडीवाल्याला फोनवर पाठवलं, तेही दशांशाचं टिंब सेटने दिलं होतं तिथेच ठेवून. गाडी भलतीकडे गेली. तो पोरगा पंचवीस मिनिटं उन्हात रस्त्याकडेला बसून होता. त्या दिवसापासून मी आकडा सांगताना आधी पद्धत सांगतो: “अंश-मिनिटं, मिनिटांचे दशांश, एकवीस अंश, शून्य पाच पॉइंट दोन शून्य.” दोन सेकंद जास्त लागतात. ऐकणाऱ्याने ते परत वाचून दाखवायचं हा नियमही त्याच दिवशी झाला.

हॅम मंडळींनी यावर एक सुटसुटीत तोडगा पूर्वीच काढला आहे. पृथ्वीचे चौकोन पाडून त्यांना अक्षरं-आकडे दिले आहेत, त्याला ग्रिड लोकेटर म्हणतात. नागपूर एमएल91 या चौकोनात येतं. पुढची दोन अक्षरं जोडली की चौकोन सुमारे साडेचार बाय साडेआठ किलोमीटरचा होतो. वरच्या आकड्यांचं ठिकाण एमएल91एनसी मध्ये पडतं आणि थोडं दक्षिणेला सरकलं की एनबी सुरू होतं. वाट चुकलेल्या माणसाला शोधायला हे पुरणार नाही, पण अमेरिकेतल्या माणसाशी लघुलहरींवर बोलताना “नागपूर” या शब्दापेक्षा सहा अक्षरं लवकर पोचतात. बहुतेक सेट ही अक्षरं आपणहून काढून देतात.

एक आणखी चूक आहे, ती जुन्या नकाशांची. इथे मला हिंगणघाटला जावं लागतं. वर्धा जिल्ह्यातल्या त्या गावात विल्यम लॅम्बटनची कबर आहे. 1802 मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्याने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली तोच हा माणूस. वीस वर्षं तो दक्षिणेतून उत्तरेकडे त्रिकोणामागून त्रिकोण रचत आला. हैदराबादेतून नागपूरला मुक्काम हलवत असताना जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं. लॅम्बटन कोन मोजत होता, एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरचं निशाण दुर्बिणीतून पाहून. माझा सेट अंतरं मोजतो. दोघांचा हेतू एकच. एव्हरेस्टने या मोजणीवरून पृथ्वीचा जो आकार ठरवला त्यावर भारताचे नकाशे पुढे दीडशेहून अधिक वर्षं बेतले गेले. जीपीएस वेगळा आकार धरतं, त्याला डब्ल्यूजीएस-84 म्हणतात. नागपूरच्या आसपास या दोहोंत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट हातात धरून सेटचा आकडा त्यावर टाकला तर नाल्याच्या अलीकडे उभा असलेला माणूस पलीकडे दिसेल. 2005 च्या नकाशा धोरणानंतर निघालेले लोकांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस-84 वरच आहेत. पण जंगलात फिरणाऱ्या अनेकांकडे अजून जुन्या शीटच्या झेरॉक्स असतात. सेटच्या मेनूत ‘डेटम’ असा पर्याय दिसला तर तो याचसाठी असतो.

उंचीचंही असंच. नागपुरातल्या झीरो माइलच्या खांबाजवळ त्याच महामोजणीची खूण आहे आणि तिथली उंची 1020.171 फूट, म्हणजे सुमारे 311 मीटर दिली आहे, समुद्रसपाटीपासून. काही यंत्रं मात्र कच्ची उंची दाखवतात, गणिती लंबगोलापासूनची. भारतात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. त्यामुळे नागपुरात असा आकडा पन्नास मीटरहून जास्त कमी येतो. अशा यंत्राची उंची एकदा झीरो माइलला जाऊन ताडून पाहावी, फार आनंदाची गोष्ट आहे.

इथवर कळण्याचं झालं. कळवायचं कसं?

या कामाचा पाया बॉब ब्रुनिंगा या अमेरिकी हॅमने घातला. तो अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत होता, त्याची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, डब्ल्यूबी4एपीआर. त्याने उभी केलेली पद्धत म्हणजे एपीआरएस, ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टिम. सेट आपली कॉल साइन, अक्षांश-रेखांश आणि चिमूटभर मजकूर एका छोट्या पुडीत बांधतो आणि साधारण एका सेकंदात ती हवेत सोडतो. ऐकलंत तर चिरकणारा एक फर्राटा ऐकू येतो. आसपासचं एखादं उंचावरचं केंद्र ती पुडी ऐकून पुन्हा फेकतं. 2022 मध्ये ब्रुनिंगा गेला. आपल्या पद्धतीला लोक नुसती ‘गाडी कुठे आहे ते दाखवणारी’ म्हणतात याची त्याला खंत होती. आसपास कोण आहे, काय चाललं आहे, कोणाला काय हवं आहे हे सगळ्यांना एकदम कळावं, हा त्याचा मूळ विचार. मला तो विचार फार मोलाचा वाटतो.

या पुड्या थेट आभाळातूनही उसळी घेऊ शकतात. 1 एप्रिल 2019 रोजी इस्रोचं पीएसएलव्ही-सी45 रॉकेट उडालं तेव्हा त्याच्या चौथ्या टप्प्यावर अ‍ॅमसॅट इंडिया या हॅम संस्थेचं असं एक यंत्र बसवलेलं होतं. त्याआधी 2005 मध्ये इस्रोने हॅमसॅट हा अख्खा उपग्रहच हौशी रेडिओवाल्यांसाठी सोडला होता आणि तो 2014 पर्यंत चालला. इथे सेट खरोखर उपग्रहाशी बोलतो, पण तो उपग्रह जीपीएसचा नव्हे.

दुसरी पद्धत डिजिटल सेटची. तिथे बोलणं आणि ठिकाण एकाच प्रवाहात जातं. डी-स्टार पद्धतीत सेकंदाला 4800 बिट जातात, त्यातले 3600 आवाजाचे आणि 1200 इतर माहितीचे. मी बटण दाबून “हॅलो” म्हटलं की त्याच्याबरोबरच माझं ठिकाण समोरच्या पडद्यावर उमटतं: अमुक कॉल साइन, 4.2 किलोमीटर, ईशान्य. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सेट हातात धरून नुसता उभा राहिलो होतो.

पण हवेतली जागा फुकट नाही. दर दहा सेकंदांनी पुडी सोडणारे वीस सेट एका फ्रिक्वेन्सीवर आले की कोणाचंच काही पोचत नाही. म्हणून ‘स्मार्ट बीकनिंग’ चालू ठेवावं: वर्धा रोडवर वेगात असताना लवकर लवकर, चौकात थांबलं की अर्ध्या तासाने, वळण घेतलं की लगेच. घरी गच्चीवर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाने मिनिटामिनिटाला “मी घरीच आहे” असं ओरडायचं कारण नाही.

आणि पोचणं शेवटी उंचीवर ठरतं. माणसाच्या हातातल्या सेटला सपाट जमिनीवर चार-पाच किलोमीटरवरचं क्षितिज असतं, त्यात इमारती आणि झाडं. तोच सेट घेऊन दहाव्या मजल्याच्या गच्चीवर गेलो की क्षितिज वीस किलोमीटरवर जातं. जीपीएसला वीस हजार किलोमीटरवरचा उपग्रह ऐकू येतो आणि त्याच क्षणी तोच सेट दोन लेआउट पलीकडच्या माणसाला आपलं ठिकाण सांगू शकत नाही, असं रोज घडतं.

हा फरक विदर्भाने वाघांच्या बाबतीत जवळून पाहिला आहे. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या ‘जय’ या देखण्या वाघाच्या गळ्यात पट्टा होता, जीपीएसने ठिकाण काढणारा आणि ते पाठवणारा. 2016 च्या एप्रिलमध्ये त्याच्याकडून खबर येणं थांबलं. वनखात्याची माणसं, गावकरी, वन्यप्रेमी, सगळ्यांनी रान पालथं घातलं, जय सापडला नाही. उलट टिपेश्वरहून निघालेल्या एका तरुण नराचा पट्टा 2019-20 मध्ये बोलत राहिला. त्याने यवतमाळपासून तेलंगणापर्यंत आणि मग बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत केलेली 3,000 किलोमीटरहून लांब भटकंती त्यामुळे जगाला दिसली. पट्ट्याचं कळवणं थांबलं की आपल्यासाठी वाघ दिसेनासा होतो, मग त्याचं जीपीएस कितीही उत्तम असो. जयची आठवण निघाली की माझं मन अजून जड होतं.

कळवण्याला एक काळजीची बाजूही आहे. हॅमच्या लहरींवर सांकेतिक भाषा वापरायला मनाई आहे. जे बोललं ते सगळ्यांनी ऐकायचं. एपीआरएसच्या पुड्या इंटरनेटवरच्या नकाशांवरही जातात आणि तिथे साठून राहतात. माझ्या घराचं ठिकाण, मी घरातून कधी निघालो, कधी परतलो, सगळं कोणालाही दिसू शकतं. त्यासाठी सेटमध्ये ठिकाण मुद्दाम धूसर करण्याची सोय असते. शेवटचा एक आकडा गाळला की जागा सुमारे 185 मीटरच्या घेरात विरते, दोन गाळले की पावणेदोन किलोमीटरहून जास्त. घरून मी दोन आकडे गाळतो. कामावर असताना, फेरीत, पुरात, सगळे आकडे देतो. मुलींच्या, लहान मुलांच्या हाती सेट देताना तर हे आधी तपासावं असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

कायद्याचंही थोडक्यात. जीपीएस ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला लागतो. हॅम सेटसाठी केंद्राच्या दळणवळण खात्याची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की मुलं ती देऊ शकतात. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे साधे वॉकी-टॉकी परवान्याशिवाय चालतात, पण बाजारात त्या नावाखाली भलतेच सेटही विकले जात. म्हणून 2025 मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावली काढली. उपग्रहावरून संदेश पाठवणारी गिर्यारोहकांची छोटी यंत्रं मात्र भारतात परवानगीवाचून बाळगता येत नाहीत. ती सामानात घेऊन आलेल्या परदेशी पाहुण्यांवर आपल्या विमानतळांवर कारवाई झाली आहे. परदेशातला भाऊ किंवा भाचा अशी भेट आणणार असेल तर त्याला आधीच सांगा.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अशा रात्री पांढऱ्या गेटाची खूण पाण्याखाली जाते. मी तेव्हापासून सेटच्या आठवणीत आसपासच्या काही जागा आकड्यांनी भरून ठेवल्या आहेत: दवाखाना, उंच गच्च्या, पूल, मित्रांची घरं. सेट कोणत्याही भरलेल्या जागेचं अंतर आणि दिशा दाखवतो. फक्त दिशेच्या बाबतीत एक ध्यानात ठेवावं लागतं. ज्या सेटमध्ये होकायंत्र नसतं त्याला आपलं तोंड कुठे आहे हे उभ्या उभ्या कळत नाही. आपण कुठून कुठे सरकलो यावरून तो ते ताडतो. जागच्या जागी उभं राहून बाणाकडे पाहिलं तर तो भलतीकडे रोखलेला असतो किंवा गरगरत असतो.

त्या जागांत मी हिंगणघाटची लॅम्बटनची कबरही भरून ठेवली आहे. बेसाच्या गच्चीवरून सेट दाखवतो: सुमारे 65 किलोमीटर, दक्षिण-नैर्ऋत्य. सकाळी गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जरा झपाझप चालत गेलो की बाण डुगडुगतो, हलतो आणि वर्ध्याची दिशा उजवीकडे ठेवून स्थिर होतो.